वाचक विचारतात : पहाटेचा बास्केटबॉल

ऑक्टोबरात पहाटे साडेचारचा गजर लावून न्यू यॉर्कमधले एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने बघत होतो. नोव्हेंबरात त्याच गजराने उठलो, तर तासभर काहीच सुरू झालं नाही. ॲप चुकतं का? – एक वाचक, सोलापूर

ॲप बरोबर आहे, गजर चुकला. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात (2026 मध्ये 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर). आपली घड्याळं जागची हलत नाहीत. त्यामुळे उन्हाळी वेळेत न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथला संध्याकाळी 7 चा सामना ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे 4:30 ला लागतो, तोच जानेवारीत 5:30 ला. लॉस एंजेलिसमध्ये 7 वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी 7:30 किंवा 8:30 ला येतो, म्हणजे डबा भरायच्या वेळेला. फिनिक्सची गंमत वेगळी. ॲरिझोना राज्य घड्याळ बदलतच नाही, म्हणून तिथला 7 चा सामना आपल्याकडे बारमाही 7:30 चाच.

यावर सोपा उपाय असा : फोनच्या कॅलेंडरात सामना टाकताना टाइम झोन भारताचा ठेवू नका, न्यू यॉर्कचा निवडा आणि वेळ तिथलीच लिहा. पुढची वजाबाकी फोन करतो. तारखेलाही फसू नका. त्यांची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, आणि वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट कोणी पाठवला तर त्यावर वेळ कुठली आहे हे आधी विचारा. शिवाय जाहीर वेळेनंतर साधारण दहा मिनिटांनी चेंडू उडतो, तेवढी झोप पदरात पाडून घ्यायला हरकत नाही.

झोप अजिबात मोडायची नसेल त्यांच्यासाठी 25 डिसेंबर आहे. त्या दिवशी पाच सामने असतात आणि तिथे दुपारी 12 ला सुरू होणारा पहिला सामना आपल्याकडे त्याच रात्री 10:30 ला दिसतो. जूनमधल्या अंतिम मालिकेत तिथले रात्री साडेआठचे सामने आपल्याकडे सकाळी 6 ला येतात. ते चहाबरोबर जमतं.

सामना संध्याकाळी घरी येऊन बघतो, पण तोवर निकाल कुठूनतरी कळतोच. – एक वाचक, ठाणे

एनबीएच्या ॲपच्या सेटिंगमध्ये गुण लपवायची सोय आहे, ती चालू करा. पण तिच्यावर विसंबू नका. गुण झाकले तरी बातम्यांचे मथळे आणि व्हिडिओंवरची चित्रं बोलून जातात. म्हणून ॲपचं पहिलं पान टाळून थेट सामन्यांच्या यादीत जा. आवडत्या संघाच्या सूचना बंद करा. सर्च ॲप आपणहून दाखवतं ती गुणांची पट्टीही बंद करा, कारण बहुतेक घात तिथूनच होतो.

दोन चोरवाटा सहसा लक्षात येत नाहीत. पहिली, रेकॉर्डिंगची लांबी. सामना 12 मिनिटांच्या चार क्वार्टरचा, पडद्यावर सव्वादोन ते अडीच तासांचा. व्हिडिओ बराच लांब दिसला की ओव्हरटाइम झाला हे आधीच कळतं. दुसरी, प्लेऑफमधलं (बाद फेरीतलं) वेळापत्रक. सातपैकी चार जिंकायच्या मालिकेत 3–2 अशी स्थिती असताना सातव्या सामन्याची तारीख पक्की दिसली की सहावा कोणी जिंकला हे उघड झालं. त्या दिवसांत वेळापत्रक उघडूच नका.

वेळ कमी असेल तर लीग पासमध्ये (एनबीएच्या सामने दाखवणाऱ्या सेवेत) सुमारे दहा मिनिटांची आटोपशीर आवृत्ती मिळते. बास्केट तेवढ्या दिसतात. बचाव मात्र दिसत नाही, त्यामुळे एखादा संघ का हरला हे त्यावरून ठरवू नये.

थेट बघतानाही सूचना बंदच ठेवा. चित्र गुणांच्या मागे धावतं. फोन वाजतो आणि मग पडद्यावर चेंडू हातातून सुटतो.

30 गुण करणाऱ्या खेळाडूपुढे प्लस-मायनस उणे 12 कसं? – एक वाचक, कोल्हापूर

कारण तो आकडा एकट्या खेळाडूचा नसतो, तो खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे गेला याचा असतो. खेळाडू उतरला तेव्हा संघ 40–42 असा दोनने मागे होता, बाहेर आला तेव्हा 55–50 असा पाचने पुढे. म्हणजे त्याच्या खात्यात अधिक 7, मग त्याने एकही बास्केट केलेली नसो. निकाल जवळपास ठरून गेल्यावर राखीव खेळाडूंनी मारलेली भर किंवा केलेली उधळपट्टीही त्यात मोजली जाते. एका सामन्याच्या प्लस-मायनसवरून वाद घालू नका, पंधरा-वीस सामन्यांचं एकत्र बघा.

गुण किती काटकसरीने केले हे बघायचं तर ट्रू शूटिंग काढा. नेमबाजीचे एकूण प्रयत्न घ्या, त्यात फ्री थ्रोचे (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचे) प्रयत्न गुणिले 0.44 मिळवा, बेरजेची दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. समजा 28 गुण, 18 प्रयत्न, 10 फ्री थ्रो. 18 अधिक 4.4 म्हणजे 22.4, दुप्पट 44.8, उत्तर 62.5 टक्के. उत्तमच. 0.44 कशासाठी? सगळे फ्री थ्रो जोडीने मिळत नाहीत. बास्केट होऊन वर एक, थ्री पॉइंटरवर फाउल झाला तर तीन, टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनाबद्दलचा) एक, हे सगळं धरून अर्ध्यापेक्षा थोडं कमी वजन द्यावं लागतं.

उठून बसलो आणि स्टार खेळाडूच नाही! आधी कळत नाही का? – एक वाचक, पणजी

कळतं. संघांना दुखापतींची यादी आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी 5 पर्यंत द्यावी लागते. लागोपाठच्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या सामन्यासाठी ही मुदत त्याच दिवशी दुपारी 1 ची असते. यादीत ‘प्रोबेबल’ असेल तर निर्धास्त राहा, ‘डाउटफुल’ असेल तर खुशाल झोपा. ‘क्वेश्चनेबल’ (खेळेल की नाही, अर्धी-अर्धी शक्यता) हा खरा छळ. अशा वेळी गजर अर्धा तास अलीकडे लावा, कारण सुरुवातीचे पाच खेळाडू सामन्याच्या 30 मिनिटं आधी जाहीर होतात.

ट्रेडच्या (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) खोट्या बातम्या कशा ओळखायच्या? – एक वाचक, नागपूर

बातमी देणाऱ्या खात्याचं नाव अक्षर-अक्षर वाचा. नकली खाती एखादं अक्षर बदलून, तोच फोटो लावून बसलेली असतात. मग नियम लावा. उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू 15 डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाहीत. पगाराच्या दुसऱ्या ‘एप्रन’च्या (लीगने आखलेल्या वरच्या खर्चरेषेच्या) वर असलेला संघ दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणू शकत नाही. निम्म्या अफवा इथेच गळतात.

पण न पटणारं सगळंच खोटं नसतं. 2 फेब्रुवारी 2025 च्या रविवारी आपल्याकडे सकाळ असताना डॅलसचा स्टार लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेल्याची बातमी पत्रकार शम्स चरानिया यांनी दिली, तेव्हा त्यांचं खातं हॅक झालं असंच अनेकांना वाटलं. बातमी खरी होती.

एका संघाचे मालक मराठी आहेत म्हणे? – एक वाचक, डोंबिवली

सॅक्रामेंटो किंग्ज. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने 2013 मध्ये तो संघ घेतला. ऑक्टोबर 2019 मध्ये हाच संघ इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने खेळायला वरळीत आला होता आणि पहिला ओव्हरटाइममध्ये 132–131 असा हरला. नात्यापोटी त्यांची बाजू घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, 2006 नंतर त्यांनी प्लेऑफ पाहिला तो थेट 2023 मध्ये. जमेची बाजू एवढीच की त्यांचे घरचे 7 चे सामने आपल्याकडे सकाळी साडेसात-साडेआठला असतात.