वाचकांचे प्रश्न : एकच कळ, वेगवेगळे परिणाम

प्रश्न : आमच्या गटासाठी मी ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या (एडिटरच्या) वापराची पुस्तिका लिहीत आहे. आमच्या बहुतेक फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत आहेत. कंट्रोल-एक्स, व्ही, व्ही असे दाबल्यावर कधी फाइल गिटमध्ये दाखल होते, कधी कमिट होते (म्हणजे तिच्यातल्या बदलांची कायमची नोंद होते), तर कधी काहीच घडत नाही. शिवाय टर्मिनलवरून कमिट केले तरी एडिटरमध्ये जुनीच खूण दिसत राहते. हे सारे पुस्तिकेत कसे मांडावे?

उत्तर : आपण कळेनुसार लिहीत असल्यामुळे वर्णन विस्कळीत होत असावे, ते फाइलच्या स्थितीवरून लिहावे, कारण ही आज्ञा आधी फाइल कोणत्या अवस्थेत आहे ते पाहते आणि त्यानुसार पुढचे पाऊल ठरवते. गिटला अनोळखी असलेली फाइल ती दाखल करते. बदललेली फाइल असेल तर कमिटचा संदेश लिहिण्यासाठी वेगळी खिडकी उघडते आणि कंट्रोल-सी दोनदा दाबल्यावर कमिट पूर्ण होते. फाइलमध्ये बदलच नसेल तर तेवढे सांगून थांबते. आरसीएससारख्या, फाइलला कुलूप लावून एका वेळी एकालाच बदल करू देणाऱ्या जुन्या प्रणालीत मात्र हीच आज्ञा न बदललेल्या फाइलला कुलूप लावून ती लिहिण्यासाठी खुली करते. आपल्या गटात गिटच असेल तर हा भाग खुशाल गाळावा.

मोड लाइनवरच्या, म्हणजे खिडकीच्या तळाशी असलेल्या माहितीच्या ओळीवरच्या खुणांना स्वतंत्र परिच्छेद द्यावा. ‘गिट’ आणि शाखेचे नाव यांच्यामध्ये संयोगचिन्ह असेल तर फाइल शेवटच्या कमिटशी जुळते, अपूर्णविराम असेल तर तिच्यात बदल आहेत. ही खूण डिस्कवरच्या फाइलविषयी बोलते, त्यामुळे मजकूर बदलून तो जतन करेपर्यंत संयोगचिन्हच राहते. ईमॅक्स ही स्थिती फाइल उघडताना आणि जतन करताना तपासतो. टर्मिनलमध्ये मागाहून केलेले कमिट त्याला आपोआप कळत नाही. फाइल पुन्हा वाचून घेतली की खूण ताजी होते. तक्रारी बहुधा इथूनच येतील, म्हणून हे वाक्य तळटीपेत ढकलू नये.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. एखाद्या सहकाऱ्याने टर्मिनलवर फाइलमधल्या दोनच ओळी स्टेज केल्या, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवल्या, आणि नंतर नेहमीच्या रीतीने ती फाइल एडिटरमधून कमिट केली, तर त्या दोन ओळींऐवजी त्या फाइलमधले जतन केलेले सगळे बदल कमिटमध्ये जाऊ शकतात. निवडकच बदल हवे असतील तर ईमॅक्सच्या २९व्या आवृत्तीपासून फरक दाखवणाऱ्या खिडकीत नको ते तुकडे काढून उरलेले कमिट करण्याची सोय आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही, तेव्हा पुस्तिका कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे पहिल्याच पानावर लिहावे.

फाइलचे नाव बदलताना फाइल-व्यवस्थापकाऐवजी ईमॅक्सची व्हीसी-रीनेम-फाइल ही आज्ञा वापरावी, एवढे पुरे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते : गिटमधल्या फाइल जतन करताना ईमॅक्स, सेटिंग बदलले नसेल तर, नावापुढे टिल्डे (~) जोडलेली राखीव प्रत ठेवत नाही. प्रत हवीच असेल तर व्हीसी-मेक-बॅकअप-फाइल्स हा पर्याय चालू करावा लागतो. काही काळाने आपोआप होणारे जतन मात्र या फाइलसाठीही सुरूच असते. पुस्तिकेत या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.