पहिल्यांदा दागिने घेताना सराफाकडचे कोणते शब्द माहीत असायलाच हवेत?

बहिणीच्या लग्नासाठी तुम्ही पहिल्यांदाच दागिने घ्यायला गेलात आणि ९१६, नेट वजन, घडणावळ, पोलकी, रत्ती यातलं काहीच धड कळलं नाही, असं लिहिलंय. मी बरीच वर्षं सराफी पेढीच्या काउंटरवर काढली आहेत, म्हणून आग्रहाने सांगतो: आधी पावतीवरचे शब्द शिका. ठुशी कुठली आणि वज्रटीक कुठली हे हळूहळू कळत जाईल. वजन आणि कस कळला नाही, तर मात्र त्याच दिवशी खिशाला चाट बसते.

सोन्याच्या कॅरेटपासून सुरुवात करू. २४ भागांपैकी शुद्ध सोनं किती, एवढंच तो आकडा सांगतो. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. १८ कॅरेट म्हणजे ७५०, आणि हिऱ्याचे दागिने बहुधा याच सोन्यात घडवतात, कारण ते कडक असतं आणि खडा घट्ट धरून ठेवतं. वेढणी म्हणजे साधं वळं २४ कॅरेटचं मिळतं, पण ते साठवायचं, रोज वापरायचं नाही. ‘केडीएम आहे’ असं कोणी सांगितलं तर भुलू नका. ते झाळण्याच्या म्हणजे सांधा जोडण्याच्या कॅडमियमयुक्त पद्धतीचं नाव आहे, शुद्धतेची हमी नव्हे.

हमी असते हॉलमार्कची. आता दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दुकानातच भिंग मागा, क्रमांक वाचा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. शुद्धतेबरोबर दागिन्याचा प्रकारही तिथे दिसतो. हातात बांगडी आणि ॲपमध्ये अंगठी दिसली, तर तो नग घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वजन. मोती-खड्यांची चिंचपेटी घ्या. काट्यावर ती ३० ग्रॅम भरली, हे ग्रॉस म्हणजे ढोबळ वजन. त्यात मोती, खडे आणि दोरा मिळून ८ ग्रॅम असतील, तर सोनं २२ ग्रॅम. हे नेट वजन. भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर सोन्याचे २,२०,००० झाले. हिशेब ढोबळ वजनावर केला, तर ८ ग्रॅम मोत्या-खड्यांचे ८०,००० रुपये तुम्ही सोन्याच्या भावाने मोजलेत. मोत्यांची किंमत वेगळी लावू द्या, पण वेगळ्या ओळीत. लाख भरलेल्या मण्यांच्या बोरमाळेलाही हेच लागू, लाखेचं वजन वजा झालंच पाहिजे.

घडणावळ म्हणजे मजुरी. ती टक्क्यांत किंवा ग्रॅममागे लावतात. वरच्या हिशेबात १२ टक्के म्हणजे २६,४०० रुपये. काही ठिकाणी घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वेगळी धरतात, म्हणून ‘घट-घडणावळ मिळून किती?’ असाच प्रश्न विचारा. या रकमेवर घासाघीस होते, जरूर करा. उद्या दागिना मोडीत घातला तर घडणावळ परत मिळत नाही. रोज न वापरायच्या दागिन्यावर नक्षीकामासाठी किती खर्च करायचा, हे आधीच ठरवा.

खड्यांकडे आलं की कॅरेटचा अर्थ बदलतो. इथे ते वजन आहे: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. ‘३० सेंटचा हिरा’ म्हणजे ०.३० कॅरेट. हिऱ्यात कट, कलर, क्लॅरिटी आणि कॅरेट असे चार मुद्दे बघतात. माझ्या मते नवख्याने कटला पहिला मान द्यावा, कारण पैलू नीट पडले नसतील तर स्वच्छ हिराही मंद दिसतो. क्लॅरिटी म्हणजे हिऱ्याची स्वच्छता दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरवतात, त्यामुळे व्हीएस आणि व्हीव्हीएस या तिच्या दोन प्रतींमधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लॅबग्रोन हा प्रयोगशाळेत वाढवलेला खराच हिरा, पण तो पुन्हा विकताना किंमत फार कमी येते. अमेरिकन डायमंड म्हणजे झिरकोनिया, हिऱ्याशी त्याचा संबंध नाही.

रत्ती या खड्यांच्या वजनमापात फसगत फार होते. जुनी रत्ती म्हणजे गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची, तर खड्यांच्या बाजारात बरेच जण सुमारे १८२ मिलिग्रॅमची रत्ती धरतात. म्हणजे सव्वापाच रत्तीचा पुष्कराज एका मापाने ३.२ कॅरेटच्या आसपास, दुसऱ्याने ४.८ कॅरेटच्या जवळ. वजन कॅरेटमध्येच लिहून घ्या. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, सुनहला म्हणजे सिट्रीन, दिसायला सारखे पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. माणिक तापवून रंग खुलवलेलं असणं नेहमीचं आहे, मात्र काच भरलेलं माणिक स्वस्तातच मिळायला हवं. लिंबाच्या रसानेही ती काच खराब होते. पाचूला तेल देतात, म्हणून तो अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये कधीच धुवायला देऊ नका.

पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला नैसर्गिक हिरा. कुंदन ही जडवायची पद्धत, त्यात खडा काचेचाही असू शकतो. दोन्हीला हॉलमार्क सक्तीचं नाही, त्यामुळे खडा कशाचा, सोनं किती कॅरेटचं आणि नेट वजन किती, हे पावतीवर उतरलंच पाहिजे.

आणि घरातली जुनी नथ मोडणार असाल, तर आधी तिचे मोती उतरवून जाणकाराला दाखवा. जुन्या नथींमध्ये बसराई म्हणजे नैसर्गिक मोती असू शकतात. ते आजच्या संवर्धित मोत्यांसारखे नसतात, आणि त्यांची किंमत सोन्यापेक्षा जास्तही भरू शकते. मोडीच्या काट्यावर मात्र ते फक्त वजावटीत जातात.