घाट चढताना घाम, उतरताना हुडहुडी

प्रश्न : मी वाईला राहते, शाळेत शिकवते. रविवारी पहाटे पसरणी घाटातून सायकलने पाचगणी, कधी पुढे महाबळेश्वर गाठते. निघताना थंडी असते म्हणून टी-शर्टवर स्वेटर घालते. निम्म्या घाटात घामाने चिंब होते आणि उतरताना दात वाजतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊसही गाठतो. मैत्रीण म्हणते, भारीतलं वॉटरप्रूफ जॅकेट घे. घेऊ का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, जॅकेट सध्या राहू द्या. आधी तो स्वेटर आणि सुती टी-शर्ट सायकलवरून हद्दपार करा. उतारावर तुम्हाला वाजणारी थंडी ही चढावर आलेल्या घामाची असते.

वाईपासून पाचगणी साधारण 600 मीटर उंच. कोरड्या हवेत एवढ्या चढाने तापमान फार तर 4-6 अंशांनी उतरतं. तेवढ्याने कुणाचे दात वाजत नाहीत. पण अंगाला चिकटलेलं ओलं सुती कापड, ताशी 40 किलोमीटरने समोरून येणारा वारा आणि पायडल थांबल्यामुळे आतून ऊब येणं बंद, हे तिन्ही एकदम आलं की माणूस गारठतो.

आणखी एक गोष्ट तुमच्याच गावची. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री थंड, जड हवा डोंगरउतारांवरून खाली येऊन खोऱ्यात साचते. म्हणून पहाटे कृष्णाकाठ पसरणी घाटापेक्षाही गार असू शकतो. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तेव्हा महाबळेश्वरच्या बाजारपेठेत तेवढी थंडी नसते, ती याच कारणाने. तुम्ही दारातल्या थंडीचा अंदाज घेऊन कपडे चढवता आणि पुढे अर्ध्या तासात ते नकोसे होतात. निघताना थोडं कुडकुडायला झालं तरी चालेल. चढ लागला की अंग तापतंच.

अंगालगत बिनबाह्यांचं पातळ पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं बनियन घाला. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, घाम बाहेर ढकलतं. लोकर शोषते, पण ओली झाली तरी ऊब सोडत नाही. माण-फलटणकडचा धनगर पावसात घोंगडी पांघरतो, त्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्यावर पूर्ण चेन असलेली, पाठीला खिसे असलेली जर्सी. चढावर चेन बिनधास्त खाली ओढा. पॅडवाल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालू नका, शिवणी काचतात.

मला सर्वांत जास्त उपयोगी वाटतात त्या सुट्या बाह्या, आर्म वॉर्मर. पहाटे चढवायच्या, घाट सुरू होताच मनगटापर्यंत खाली सरकवायच्या, उतारावर परत वर. गुडघ्यांसाठीही तसेच मिळतात. पहाटे गार असेल तेव्हा गुडघे उघडे टाकू नयेत असं माझं ठाम मत आहे, आपल्या वयाला तर नाहीच.

मग वारा अडवणारं पातळ विंडचीटर, बिनबाह्यांचं असेल तर फारच उत्तम. छातीपुढे वारा न शिरणारं कापड आणि पाठीला जाळी, असं बघून घ्या. घडी करून जर्सीच्या खिशात मावलं पाहिजे. नाही मावलं तर तुम्ही ते घरी ठेवाल, हे अनुभवाने सांगते. ते दांडेघर नाक्याला, उतार सुरू व्हायच्या आधी चढवा. हुडहुडी भरल्यावर घाटात थांबून घालण्यात अर्थ नाही, गेलेली ऊब लवकर परत येत नाही. हातात काहीच नसेल तर वर्तमानपत्राचे दोन-चार कागद जर्सीत छातीवर सरकवा. युरोपातले जुने शर्यतपटू आल्प्सच्या खिंडी असेच उतरायचे.

आता पाऊस. ऑक्टोबरातली सर उबदार असते. तिथे वॉटरप्रूफ जॅकेट घालून चढलात तर पावसाने नाही, पण आतल्या घामाने भिजालच. चढावर भिजा. कोरडं बनियन आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पाचगणीत चहाला थांबाल तिथे बदला. माझ्या मते हे सुकं बनियन कुठल्याही भारी जॅकेटपेक्षा जास्त कामाला येतं. धुक्यासाठी कपड्यांचा रंग भगवा किंवा पोपटी असू द्या. मागचा लाल दिवा दिवसाही चालू हवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर पूर्ण बोटांच्या, वारा अडवणाऱ्या हातमोज्यांवर करा. पसरणीच्या वळणांवर ब्रेक सतत दाबावे लागतात आणि बधिर बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही. बोटं बधिर वाटली तर रुंद जागा बघून थांबा, हात काखेत धरा, बोटं नीट वळू लागली की मगच निघा.

हे कपडे धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं.