‘ॲटलास फुलपाखरू’ की ‘ॲटलास पतंग’?

प्रश्न असा आलाय: पावसाळ्यात ‘दुर्मीळ ॲटलास फुलपाखरू आढळले’ अशा बातम्या येतात. ॲटलासला फुलपाखरू म्हटलं तर चालेल का? पतंग म्हणजे तर उडवायचा!

नाही चालणार. संक्रांतीचा पतंग बाजूला ठेवा. ॲटलास हा पतंगच. पंखांचा पसारा वीतभर, सुमारे २४ सेंमी असला म्हणून त्याची जात बदलत नाही. मिशा बघा. नीलवंत या आपल्या राज्य फुलपाखराच्या (२०१५ पासून) मिशा काडीसारख्या, टोकाला गाठ. ॲटलासच्या पिसासारख्या, त्यातही नराच्या जास्त रुंद, कारण मादीचा गंध त्याला हुडकायचा असतो. ‘बसताना पंख मिटतं ते फुलपाखरू’ या खुणेवर विसंबू नका, ऊन खाताना फुलपाखरंही पंख पसरतात. नीलवंताचा कोष उघडा असतो, धाग्यानं फांदीला बांधलेला. ॲटलासची अळी मात्र स्वतःभोवती रेशीम विणते. भंडारा-गडचिरोलीचा टसरचा कोसा त्याच कुळातल्या पतंगाचा. त्याला कुणी फुलपाखराचं रेशीम म्हणतं का?

आता शब्दाकडे. ‘दिव्यावर पडतो म्हणून पतंग’ असं छातीठोकपणे सांगणारे चुकतात. संस्कृत ‘पत्’ म्हणजे पडणं तसंच उडणं, आणि उडणं हा अर्थ जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका सूक्ताची सुरुवातच ‘पतंग’ या शब्दानं होते, आणि तो पतंग कीटक नव्हे. अमरकोशात पतंग म्हणजे पक्षी आणि सूर्यही. सूर्य कुठल्या दिव्यावर पडतो? गीतेच्या अकराव्या अध्यायातले पतंगसुद्धा ज्वाळेत ‘विशन्ति’, म्हणजे शिरतात, तेही ‘समृद्धवेगाः’, पुऱ्या वेगानं. पडण्याचा तिथे संबंधच नाही.

याच धातूचं ‘पत्र’: आधी पंख, मग झाडाचं पान, मग चिठ्ठी. आणि ग्रीकमधलं ‘प्टेरॉन’, म्हणजे पंख, तेही याच मुळाचं! त्यातून आलं ‘लेपिडोप्टेरा’, खवलेदार पंखांच्या कीटकांचा गण. फुलपाखरं आणि पतंग दोघंही त्यातलेच. म्हणजे फुलपाखराच्या गणाच्या शास्त्रीय नावातच ‘पतंग’ या शब्दाचं भावंड बसलंय.

‘पतंग म्हणजे रात्रीचं फुलपाखरू’ हे समजावणं म्हणूनच उफराटं वाटतं. या गणातल्या सुमारे १ लाख ६० हजार ज्ञात जातींपैकी फुलपाखरं जेमतेम १८ हजार, आणि तीही पतंगांच्याच वंशवृक्षाची एक फांदी. फुलपाखराला दिवसाचा पतंग म्हणा, ते जास्त खरं.