विरघळतं ते येळवणीत उतरतं

तासगावच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न: 'समुद्राखालचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली जातो, तिथे विरघळतो आणि ज्वालामुखी होतो' असं मुलं लिहितात. इथे 'विरघळतो' बरोबर की 'वितळतो'? (भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा प्रचंड, सरकता तुकडा.)

मेण वितळतं, मीठ विरघळतं. एवढं पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी 'बर्फ विरघळला' रोज कानावर येतं आणि डोकं उठतं. पण बाई, तुमच्या वाक्याला दोन्ही क्रियापदं लागतात, फक्त वेगवेगळ्या जागी. खाली गेलेला भूपट्ट स्वतः सहसा वितळत नाही. शंभरेक किलोमीटर खोलीवर त्याच्या खनिजांत बांधलेलं पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि त्या खडकाचा द्रवणांक काहीशे अंशांनी उतरवतं. वितळतो तो हा वरचा खडक.

आणि ते सुटलेलं पाणी? त्याला मराठी विश्वकोशाच्या भाषेत 'द्रायू' म्हणायचं, द्रव आणि वायू जोडून. विश्वकोशाची वाई आमच्याच सातारा जिल्ह्यातली, त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण हा शब्द मला कधीच पटला नाही. जिभेवर येत नाही, डोळ्यापुढे काही उभं करत नाही. घरात शब्द आहे: येळवणी!

पुरणाची डाळ शिजली की झाकण दाबून पातेलं कलतं करायचं आणि पाणी वेळून घ्यायचं. वेळलेलं पाणी म्हणजे वेळवणी. आमच्याकडे वेळेची येळ होते, वेड्याचा येडा होतो, तशी वेळवणीची येळवणी झाली. आणि 'वणी' म्हणजे पाणीच! दीपाचा दिवा होताना 'प'चा 'व' झाला, तसाच इथेही. मिठवणी, गुळवणी, चिंचवणी, सगळी याच घरची. येळवणीला 'अशुद्ध' ठरवून 'कटाची आमटी' हेच खरं नाव म्हणणाऱ्यांनी हा नियम एकदा तपासावा. नुसतं 'पाणी' म्हटलं तर ते कशातून निघालं ते कळत नाही. 'वणी' लागली की कळतं. परिभाषा घडवणाऱ्यांनी हा प्रत्यय इतकी वर्षं वाया घालवला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डाळीचा स्वाद येळवणीत उतरतो, गर मागे राहतो. खाली अगदी तेच घडतं. बेरियम, स्ट्राँशियम ही मूलद्रव्यं त्या पाण्यात विरघळून वर जातात. नायोबियम, टँटलम ही मूलद्रव्यं मात्र रुटाइलसारख्या खनिजांत अडकून भूपट्टातच राहतात. म्हणून अशा ज्वालामुखीच्या खडकात पहिली जोडी भरपूर आणि दुसरी तुटपुंजी सापडते. लडाखमधल्या द्रासच्या ज्वालामुखी खडकांत ही खूण आहे. भारत आणि आशियाच्या मधला टेथिस समुद्र कधीच मिटला, त्याचा तळ उत्तरेकडे खाली गेला, पण त्याची येळवणी त्या दगडांत मुरलेली आहे.

अजिंक्यताऱ्याच्या कातळाला मात्र ही गोष्ट चिकटवू नका. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि त्या लाव्हामागे कुठलाही बुडता भूपट्ट नव्हता.