हॉलमधल्या कलांचोला कळी का धरत नाही?

प्रश्न : माझं कलांचो हे फुलझाड आणलं तेव्हा फुलांनी लगडलेलं होतं. त्यानंतर एक कळी नाही. पानं हिरवीगार आहेत, पण शेंडे लांबत चाललेत. हॉलमध्ये छताला एलईडी दिवे आहेत, ते रात्री उशिरापर्यंत चालू असतात. झाडं वाढवायचा जांभळा दिवा, म्हणजे ग्रो लाइट, घेऊ का?

उत्तर : तो जांभळा दिवा तूर्त राहू द्या. तुमच्या झाडाला दिवसा उजेड कमी पडतोय आणि रात्री अंधारही.

हॉल लख्ख वाटतो तो आपल्या डोळ्यांना. उजेड लक्स या एककात मोजतात; भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो. दिवे लावलेल्या खोलीत 300 ते 500 मिळाले तरी पुष्कळ. खालच्या पानांच्या जोड्यांमधलं अंतर बघा, मग शेंड्याकडचं. वरची पेरं लांब दिसली, तर झाड उजेडासाठी ताणतंय. ती पेरं पुन्हा आखूड होत नाहीत, तेव्हा शेंडे खुडा आणि मातीत खोचा. सहज मुळं धरतात. दिवा साधा पांढरा एलईडीच, पण पानांपासून फूटभरावर. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून छताचा दिवा कुचकामी. पांढऱ्या प्रकाशातला निळा भाग झाड ठेंगणं ठेवतो, लालही त्यात असतोच. जांभळ्या दिव्याने झाड वाढतं, नाही असं नाही. पण त्या उजेडात पिवळं पडलेलं पान ओळखू येत नाही, म्हणून मला तो आवडत नाही.

आता कळ्यांचं. दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये अमेरिकेत दाखवलं. झाड खरं तर रात्र मोजतं, हे पुढे कळलं. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य ते काम करतं, आणि मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी त्याचा हिशेब बिघडतो. कलांचोला सुमारे सहा आठवडे रोज 14 तास सलग अंधार हवा. संध्याकाळी पाचला त्याच्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, सकाळी सातला काढा. फटीतून उजेड शिरत नाही ना, तेवढं बघा. दिवसाचे दहा तास मात्र भरपूर उजेड द्या, नाहीतर कळ्यांना पोसणार कोण?

कळ्या नीट दिसू लागल्या की खोकं बाजूला ठेवा. मग हॉलमधले दिवे उशिरापर्यंत चालू राहिले तरी फुलं उमलतात.