कानगोष्टी : तीन शब्द, १४४ वेळा

गेल्या अंकात डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'अराउंड द वर्ल्ड' या सिंगलबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, ऐकून बघा म्हणून. बऱ्याच जणांनी ऐकलं आणि बऱ्यापैकी चिडून पत्रं पाठवली. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, हेच घेते.

ताई नमस्कार. तुम्ही कौतुक केलंत म्हणून मुलाला ते गाणं लावायला सांगितलं. सात मिनिटं चाललं, शब्द तीनच! मी मोजायला बसलो, साठपर्यंत आलो आणि गॅसवरचा चहा उतू गेला. आमच्याकडे जपसुद्धा १०८ वर थांबतो. रेकॉर्ड अडकल्यासारखं वाटतं, यात संगीत नेमकं कुठंय? मी हौशी तबलावाला आहे, २२ वर्षं वाजवतोय, म्हणून विचारतो. – एक वाचक, नाशिक

काका, आधी तुमची मोजणी पूर्ण करून टाकते. अल्बममधल्या पूर्ण गाण्यात 'अराउंड द वर्ल्ड' हे तीन शब्द १४४ वेळा येतात, म्हणजे तुमच्या माळेपेक्षा छत्तीस मणी जास्तच. रेडिओसाठी कापलेल्या आवृत्तीत ८० वेळा, तेवढ्यात चहा वाचला असता कदाचित.

आता संगीत कुठंय ते. तुम्ही तबलावाले निघालात म्हणून माझं काम निम्मं झालं बघा. तुम्ही सोलोला बसता तेव्हा शेजारी पेटीवाला काय वाजवतो? लेहरा. तीच एक ओळ, सोळा मात्रांची, अर्धा तास, पाऊण तास, कधी त्याहून जास्त, आणि त्याला कोणी म्हणत नाही की बाबा रेकॉर्ड अडकली तुझी, कारण कान लेहऱ्यावर नसतोच, लेहरा खुंटीसारखा एका जागी ठोकलेला असतो आणि त्याला धरून आपण कायदा, रेला, तुकडे अशा तबल्याच्या रचना ऐकत असतो. या गाण्यात तो रोबोटसारखा आवाज म्हणजे लेहरा आहे. पण गाणं म्हटलं की आपला कान सवयीनं शब्दांकडे पळतो, शब्द तर तीनच, मग आपण सात मिनिटं लेहराच ऐकत बसतो आणि सोलो निसटून जातो. सोलो चाललाय खाली, बेसमध्ये, म्हणजे खालच्या जाड सुरांत.

परत एकदा लावा आणि शब्द सोडून द्या. सुरुवातीला सगळं दबलेलं ऐकू येतं, शेजारच्या हॉलमध्ये लग्न चालू आहे आणि आपण बाहेर जिन्यात उभे आहोत असं. मग कोणीतरी दार हळूहळू उघडल्यासारखा आवाज मोकळा होत जातो. याला फिल्टर म्हणतात, वरचे सूर आधी अडवून धरायचे आणि मग सावकाश सोडायचे. दार पूर्ण उघडलं की बेस धरा, तो पायऱ्या चढतो-उतरतो. ठेका मिनिटाला साधारण १२१ ठोक्यांचा, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन दोन सेकंदांत संपतं, हातावर टाळी देऊन बघा. पुढे एकेक वाद्य येतं, जातं, कधी दोनच उरतात, कधी सगळी एकदम. आणि गेलेला बेस परत येतो ना, तेव्हा तुम्हाला समेवर आल्यासारखं वाटेल. मला तरी वाटतं.

एक मात्र मान्य करते, ही तुलना शेवटपर्यंत जात नाही. तुम्ही सोलोत लय वाढवत नेता, इथं लय सुरुवातीला जी ती शेवटी. पेटीवाला माणूस असतो, तो तुमच्याकडे बघून थोडा हलतो, मशीन काही बघत नाही. तुमच्या कानाला ते कोरडं वाटलं तर त्यात चूक काही नाही.

आणि बेसच एवढा का मिरवतो, तर या जोडीतला टोमा बांगाल्तेर (फ्रेंच उच्चारांची चूकभूल देणे घेणे) यानंच सांगितलंय की हे गाणं म्हणजे टॉकबॉक्स लावून शिक बँडची रेकॉर्ड करण्यासारखं होतं, फक्त बेस सिंथेसायझरवर वाजवायचा. शिक म्हणजे न्यूयॉर्कचा डिस्को बँड. त्यांचं १९७९ चं 'गुड टाइम्स' लावा, बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस ऐका, घराणं लगेच कळेल. आणि टॉकबॉक्स म्हणजे काय, तर कीबोर्डचा आवाज प्लॅस्टिकच्या नळीनं थेट तोंडात आणायचा आणि ओठ-जीभ हलवून त्या सुराला शब्दांचा आकार द्यायचा, गळा बंदच.

हाय ताई, आम्ही इंजिनिअरिंगची मुलं. व्हिडिओ बघितला, त्यात ममी, सांगाडे, रोबोट असे कायकाय गोल फिरत असतात, अर्थ कळला नाही पण भारी वाटलं. गॅदरिंगला बसवायचा विचार आहे, जमेल का? – कराड

जमेल, आणि बसवाच! व्हिडिओ मिशेल गाँड्री या दिग्दर्शकाचा, नाच ब्लांका लीनं बसवलेला. अर्थ शोधत बसू नका, मी नाशिकच्या काकांना वर जे सांगितलं तेच तिथं डोळ्यांना दाखवलंय. एकेक टोळी म्हणजे एकेक वाद्य. रोबोट म्हणजे गाणारा आवाज. उंच, बारीक डोक्याचे ते ट्रॅकसूटवाले म्हणजे बेस, म्हणून तर ते पायऱ्यांवर वरखाली करतात. पोहणाऱ्यांच्या वेशातल्या मुली म्हणजे कीबोर्डचे वरचे सूर, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन. प्रत्येकी चार, एकूण २० जण, आणि खाली गोल स्टेज आहे तो रेकॉर्डच्या तबकडीसारखा.

म्हणजे तुम्हाला २० पोरं लागतील, त्यातली चार अशी शोधा ज्यांचा ताल पक्काय, ती ममी करा, बाकी सगळे त्यांच्याकडे बघून सावरतील. बेसवाल्यांना खऱ्या पायऱ्या द्या, नुसतं वरखाली केल्याचं नाटक करू नका, गंमत तिथंच आहे. तालमीला प्रत्येक टोळीला आपलं एकच वाद्य ऐकायला सांगा. आपलं वाद्य वाजलं की हलायचं, थांबलं की थांबायचं. पहिले दोन दिवस भांडणं होतील कारण अर्ध्या लोकांना आपलं वाद्य सापडणारच नाही. आणि ममीच्या पट्ट्या मेडिकलच्या बँडेजच्या आणू नका, महाग पडतात, जुन्या चादरी फाडा.

तुमचं हे गाणं ज्या 'हाऊस' प्रकारातलं, ते हाऊस म्हणजे नक्की काय? आमच्याकडे किनाऱ्यावर वाजतं तेच का? आणि मिरवणुकीत डीजे लावतात तेही हेच? – म्हापसा

नाही आणि नाही. तुमच्या हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून जे वाढलं ते गोवा ट्रान्स, ते पळतं जास्त, मिनिटाला १४० च्या आसपास ठोके, आणि त्यातले सूर लांबच लांब गुंडाळत जातात. हाऊस १२० ते १३० मध्ये आरामात चालतं, कंबर हलेल एवढंच. मिरवणुकीतला डीजे म्हणजे आपल्याकडे स्पीकरच्या भिंतीचं नाव झालंय, त्यावर काहीही वाजतं.

हाऊसचं माहेर शिकागो. तिथं वेअरहाऊस नावाचा क्लब होता, १९७७ पासून फ्रँकी नकल्स तिथं रेकॉर्डी लावायचा, नाचायला येणारे बहुतेक काळे आणि समलिंगी तरुण, ज्यांना इतर ठिकाणी दारात उभं करत नव्हते. त्या क्लबच्या नावाचाच शेपटीचा तुकडा म्हणजे हाऊस. त्याच गावात १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग करून स्फोटानं उडवला होता, डिस्को मेला म्हणून जल्लोष. डिस्को कुठला मरतोय, त्याच गावात क्लबांच्या अंधारात तो ड्रम मशीनच्या जोडीनं नवीन नाव घेऊन उभा राहिला. ओळखायची खूण सोपी, चारही मात्रांवर सारखा ठोका, धम धम धम धम, ना खाली ना भरी, कुठला ठोका हलका नाही की भारी नाही.

डाफ्ट पंकचे हे दोघं हेल्मेट का घालतात? अजून वाजवतात का? – एक वाचक, लातूर

चेहऱ्यापेक्षा गाणं ओळखलं जावं म्हणून. 'अराउंड द वर्ल्ड' आलं १९९७ ला तेव्हा साधे मुखवटे होते, ती चकचकीत हेल्मेटं २००१ च्या सुमाराला आली. दुसऱ्याचं नाव गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो. नावाची गंमत सांगते, त्यांच्या आधीच्या बँडला एका इंग्रजी साप्ताहिकात 'डाफ्ट पंकी' काहीतरी म्हणून झोडपलं होतं, यांनी तेच नाव उचललं. हे सिंगल ज्या अल्बममधलं तो 'होमवर्क' पॅरिसला बांगाल्तेरच्या झोपायच्या खोलीत तयार झाला, म्हणून ते नाव. फेब्रुवारी २०२१ ला वेगळे झाले, आता वाजवत नाहीत.

ताई, आपल्याकडे कोणी असं केलं नाही का? सगळं परदेशीच का सांगता? – ठाणे

टोमणा मान्य, आणि उत्तर तुमच्या शेजारचंच आहे. मुंबईत चरणजित सिंग होते, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची दोन छोटी मशीनं, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, आणि एक मोठा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, एचएमव्हीनं ती एलपी काढली. यातलं ३०३ हे गिटारवाल्यांना रियाजाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र, जगभर आपटलं, कोणी घेईना. पुढे शिकागोच्या पोरांनी तेच वापरून अ‍ॅसिड हाऊस हा हाऊसचाच एक प्रकार काढला, त्याची पहिली मोठी रेकॉर्ड १९८७ ची. म्हणजे आपला माणूस पाच वर्षं आधी त्याच यंत्रावर राग वाजवून मोकळा. एकाचं बघून दुसऱ्यानं केलं असं अजिबात नाही हं, कोणी तसं फॉरवर्ड पाठवलं तर माझं नाव सांगू नका. एलपी तेव्हा कोणी विचारली नाही, २०१० ला परत निघाली तेव्हा लोक वेडे झाले. चरणजित सिंग २०१५ ला गेले.

रागसंगीत म्हणून ती मला थोडी घाईची वाटते, आलापाला जागाच नाही. पण लेहऱ्याचं म्हणाल तर तिथंही ठेका अडून बसलेला आणि वर राग हिंडतोय, नाशिकच्या काकांना हीच आधी ऐकवायला पाहिजे होती.

मोबाईलवर ऐकलं, बेस वगैरे काही ऐकू आलं नाही, नुसती टिकटिक आणि शब्द. – एक वाचक, अकोला

येणारच नाही. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा, खालचे सूर ढकलायला हवा हलवावी लागते ती त्याच्याच्यानं हलत नाही, मग उरतात वरची टिकटिक आणि तेच तीन शब्द. बरे हेडफोन लावा नाहीतर कोणाच्या तरी गाडीत बसून ऐका, आवाज मोठा करायची गरज नाही.

आणि काका, मुलानं तुम्हाला गाणं कशावर लावून दिलं होतं ते जरा विचारा.